न्यूयॉर्क ते नागसेनवन

जून १९१३. बडोद्यात एका बावीस वर्षांच्या पदवीधराने करारावर सही केली. करार सरळ होता. संस्थानाने तीन वर्षे दरमहा साडेअकरा पौंड द्यायचे, त्याने अमेरिकेत जाऊन उच्च शिक्षण घ्यायचे आणि परतल्यावर दहा वर्षे संस्थानची चाकरी करायची. सही करणाऱ्याचे नाव भीमराव रामजी आंबेडकर. चारच महिन्यांपूर्वी, फेब्रुवारीत, त्याचे वडील वारले होते. घरी पत्नी रमाबाई आणि काही महिन्यांचा यशवंत. उत्पन्नाचे साधन जवळपास नाही. अशा घरातला कर्ता मुलगा सातासमुद्रापार शिकायला निघाला होता.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवर आजवर इतके लिहिले गेले आहे की, नव्याने काय सांगायचे असा प्रश्न कोणालाही पडावा. घटनेचे शिल्पकार, महाडचा सत्याग्रह, नागपूरची दीक्षा हे सारे आपल्या मुलांनाही पाठ असते. पण मी पडलो वाणिज्य शाखेचा मास्तर. उभा जन्म जमाखर्च आणि अर्थशास्त्र शिकवण्यात गेला. तेव्हा मला त्यांच्या चरित्रात सर्वांत जास्त ओढ लागते ती परदेशी विद्यार्थ्याची. अर्थ, व्यापार आणि सरकारी हिशेब शिकायला परक्या गावी गेलेल्या तरुणाची. याला कारण आमचे गावही आहे. काल-परवापर्यंत औरंगाबाद म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आणि २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर झालेल्या या शहरात, बाबासाहेबांच्याच नावाच्या विद्यापीठात, गेली कितीतरी वर्षे परदेशातून मुले शिकायला येतात. येमेनची येतात, सुदानची येतात, इराकची येतात. त्यातली बरीच वाणिज्य आणि व्यवस्थापनाकडे वळतात. ही मुले वर्गात बसलेली पाहिली की माझे मन हटकून १९१३ सालच्या न्यूयॉर्कला जाते.

तिथे पोचण्याआधीचा प्रवास थोडक्यात सांगतो, कारण तो बहुतेकांना ठाऊक आहे. जन्म १४ एप्रिल १८९१, महू येथे. मूळ गाव कोकणातले आंबडवे. वडील रामजी सकपाळ लष्करात सुभेदार आणि लष्करी शाळेत शिक्षक. आई लहानपणीच गेली. साताऱ्याच्या शाळेत या मुलाने घरून आणलेल्या गोणपाटावर बसायचे आणि तहान लागली तर शिपायाची वाट पाहायची. कारण नळाला हात लावायची त्याला मुभा नव्हती. शिपाई नसला की पाणी नाही. पुढे मुंबईत एल्फिन्स्टन हायस्कूल, १९०७ साली मॅट्रिक, आणि कृष्णराव अर्जुन केळुस्कर गुरुजींच्या खटपटीने सयाजीराव गायकवाडांची शिष्यवृत्ती. शिपायाची वाट पाहणारा तो मुलगा १९१३ च्या जुलैत कोलंबिया विद्यापीठाच्या दारात उभा राहिला.

पहिले काही महिने, सांगतात, त्यांचेही मन अभ्यासात फारसे लागले नाही. यात नवल ते काय? आयुष्यात प्रथमच चारचौघांच्या टेबलावर बसून जेवता येत होते, कोणी ताट बाजूला ओढत नव्हते, कोणी जात विचारत नव्हते. वसतिगृहात खोली मिळाली ती विद्यार्थी म्हणून. तिथेच नवल भथेना हा पारशी तरुण भेटला आणि जन्माचा मित्र झाला. हा मित्र पुढे अडीअडचणीला कसा धावून आला ते पुढे येईलच. पण ही मौज फार टिकली नाही. साडेअकरा पौंडांतून घरी पैसे पाठवायचे होते आणि तीन वर्षांची मुदत डोक्यावर होती. मग जो अभ्यास सुरू झाला तो अठरा-अठरा तासांचा.

या अभ्यासाचे स्वरूप मला फार उद्बोधक वाटते. कोलंबियात पदव्युत्तर विद्यार्थ्याला विषय निवडायला बरीच मोकळीक असे. पदवीला लागतील तेवढेच तास ऐकून मोकळे व्हावे, असा शहाणपणा कोणीही केला असता. बाबासाहेबांनी अर्थशास्त्राचे एकोणतीस अभ्यासक्रम घेतले, इतिहासाचे अकरा, समाजशास्त्राचे सहा, तत्त्वज्ञानाचे पाच, मानववंशशास्त्राचे चार, राज्यशास्त्राचे तीन. शिवाय फ्रेंच आणि जर्मनची तोंडओळख. दुकानात शिरलेल्या गिऱ्हाइकाने पैसे थोडे पण पिशवी मोठी आणावी, तसा हा प्रकार. परत यायला मिळेल की नाही ठाऊक नाही, तेव्हा नेता येईल तेवढे न्यायचे!

गुरू मिळाले तेही थोर. एडविन सेलिग्मन हे कर आणि सार्वजनिक वित्त या विषयातले त्या काळचे मोठे नाव. सरकार पैसा कोणाकडून घेते, कोणावर खर्च करते आणि त्याचा हिशेब कोणाला देते, हे प्रश्न बाबासाहेबांनी त्यांच्याकडून उचलले. जॉन ड्यूई यांच्या तासांनी लोकशाही ही रोजच्या जगण्याची रीत असते हा विचार दिला. १९१५ साली एम. ए. झाली. प्रबंधाचा विषय होता ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार आणि तिची वित्तव्यवस्था. जरा विचार करा. एक व्यापारी कंपनी एका देशावर राज्य कसे करते, नफा कसा काढते, कर्ज कोणाच्या माथी मारते, हा विषय आज व्यवस्थापनाच्या कोणत्याही वर्गात शोभेल. कोलंबियाचे स्वतंत्र व्यवसाय विद्यालय मात्र निघाले १९१६ मध्ये, म्हणजे बाबासाहेबांनी न्यूयॉर्क सोडले त्याच वर्षी. त्याच वर्षीच्या मे महिन्यात मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातींवरचा आपला प्रसिद्ध निबंध वाचला, आणि जूनमध्ये भारताच्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या वाटणीवरचा प्रबंध सादर केला. पीएच.डी.ची पदवी हातात पडायला मात्र १९२७ साल उजाडले. प्रबंध वाढवून, छापून दिल्याशिवाय ती मिळत नसे.

ऑक्टोबर १९१६ मध्ये लंडन. एकीकडे ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरीसाठी नाव आणि दुसरीकडे लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये प्राध्यापक एडविन कॅनन यांच्या हाताखाली अर्थशास्त्र. पण वर्षही पुरते झाले नाही तोच शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि बडोद्याहून परतीचा हुकूम आला. चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी विद्यापीठाकडून घेऊन ते निघाले. महायुद्ध चालू होते. त्यांचे सामान, त्यात पोटाला चिमटा घेऊन जमवलेली पुस्तके, वेगळ्या बोटीने रवाना झाले होते. ती बोट पाणतीराने बुडाली. ते स्वतः दुसऱ्या बोटीवर होते म्हणून वाचले. विम्यापोटी सहाशे रुपये मिळाले आणि त्या पैशांतून बडोद्याचा प्रवास झाला. पुस्तके विकून कोणी प्रवास करावा हे ऐकले आहे. बुडालेल्या पुस्तकांवर प्रवास करण्याची पाळी फार थोड्यांवर आली असेल.

सप्टेंबर १९१७ मधले बडोद्याचे दिवस हा या चरित्रातला माझ्या मते सर्वांत क्लेशकारक भाग आहे. महाराजांच्या मनात या तरुणाला पुढे अर्थमंत्री करायचे होते. त्यासाठी निरनिराळ्या खात्यांचा अनुभव मिळावा म्हणून लष्करी चिटणिसाच्या जागी नेमणूक झाली. जगातल्या दोन नामवंत विद्यापीठांत शिकून आलेला हा अधिकारी कचेरीत बसला की शिपाई लांबून फायली टाकत. प्यायला पाणी मिळेना. आणि राहायला खोली मिळेना! हिंदूंच्या खाणावळीत प्रवेश नाही. शेवटी एका पारशी धर्मशाळेत नाव बदलून त्यांनी कसेबसे काही दिवस काढले. ते उघड झाले तेव्हा काठ्या घेतलेली माणसे दारात आली आणि संध्याकाळच्या आत जागा सोडायला फर्मावून गेली. ओळखीच्यांकडे विचारून झाले, कोणी आसरा दिला नाही. गाडीला वेळ होता. तो वेळ त्यांनी सार्वजनिक बागेत झाडाखाली बसून काढला आणि मुंबई गाठली. ही हकिकत त्यांनी स्वतः पुढे लिहून ठेवली आहे, म्हणून आपल्याला कळते. न्यूयॉर्कला परक्या मुलखात ज्याला विनासायास खोली मिळाली, त्याला स्वदेशात, अधिकारी असताना, रात्रीपुरते छप्पर मिळाले नाही.

मुंबईत मग परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीतल्या दोन खोल्यांत संसार. पोटापाण्यासाठी खटपटी सुरू झाल्या. यातली एक खटपट आम्हा वाणिज्यवाल्यांनी विसरू नये अशी आहे. बाबासाहेबांनी शेअर आणि रोखे यांत पैसा गुंतवणाऱ्यांना सल्ला देण्याची पेढी काढली. ज्ञान पक्के होते, बाजार मुंबईचा होता, गिऱ्हाइके येऊ लागली होती. पण सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच ती येईनाशी झाली. पेढी बंद पडली. भांडवल, ज्ञान आणि मेहनत ही धंद्याची तीन अंगे आम्ही फळ्यावर लिहून देतो. या पेढीत ज्ञान होते, मेहनत होती. ती बुडाली ती ज्या कारणाने, त्याला आमच्या क्रमिक पुस्तकांत रकाना नाही.

नोव्हेंबर १९१८ मध्ये सिडनहॅम महाविद्यालयात त्यांना राजकीय अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाची जागा मिळाली. १९१३ साली सुरू झालेले हे महाविद्यालय वाणिज्य शिक्षणाचे आशियातले पहिले महाविद्यालय मानले जाते. पगार दरमहा साडेचारशे. सुरुवातीला विद्यार्थी बेफिकीर होते. असला प्राध्यापक काय शिकवणार असा त्यांचा आविर्भाव. थोड्याच दिवसांत चित्र पालटले आणि बाहेरच्या महाविद्यालयांतली मुलेही परवानगी काढून तासाला येऊन बसू लागली. प्राध्यापकांच्या खोलीत मात्र पाण्याच्या माठावरून कुरबूर झालीच. काही सहकाऱ्यांना त्याच माठातले पाणी या प्राध्यापकाने प्यावे हे रुचले नाही. साताऱ्याचा नळ मुंबईपर्यंत पाठोपाठ आला होता.

याच सुमारास, १९१८ मध्ये, त्यांचा शेतीच्या लहान तुकड्यांवरचा लेख इंडियन इकॉनॉमिक सोसायटीच्या नियतकालिकात आला. तुकडे जोडून मोठे शेत केले की शेती सुधारेल, असे तेव्हाचे जाणकार म्हणत. बाबासाहेबांचे म्हणणे निराळे होते. शेत लहान की मोठे हे नुसत्या एकरांवर ठरत नाही. त्यावर किती हात राबतात आणि अवजारे-बैलांत किती भांडवल घातले आहे यावर ठरते. आपल्याकडे जमिनीवर माणसांचाच भार जास्त, तेव्हा कारखाने वाढवून तो भार हलका केल्याशिवाय शेती सावरायची नाही. मराठवाड्यातल्या शेतकऱ्याच्या मुलाने हा लेख आज वाचावा. चिकलठाणा आणि वाळूजच्या कारखान्यांकडे जाणाऱ्या सकाळच्या गर्दीत त्याला त्याचा अर्थ सापडेल.

पगारातून काटकसरीने काही रक्कम साठली. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी मदत केली. नवल भथेनाने पाच हजार रुपये कर्जाऊ दिले. जुलै १९२० मध्ये बाबासाहेब पुन्हा लंडनला निघाले. या वेळी मागे संस्थान नव्हते, हातात मोजके पैसे होते. राहायला मिळाले ते एका कडक बाईच्या खाणावळीत. सकाळी पावाचा एक तुकडा, रात्रीचेही जेवण तसेच बेताचे. रात्री भूक अनावर झाली की कोणा परिचिताने दिलेले पापड भाजून खायचे. दिवसभर ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात, दार उघडल्यापासून बंद होईपर्यंत. जून १९२१ मध्ये एम. एस्‌सी. झाली. ऑक्टोबर १९२२ मध्ये त्यांनी रुपयाच्या प्रश्नावरचा आपला डी. एस्‌सी.चा प्रबंध दिला. त्याच वर्षी बॅरिस्टरीही पदरात पडली. घरी रमाबाई काय सोसत होत्या याचा हिशेब कोणत्याही प्रबंधात नाही. पाच अपत्यांपैकी एकटे यशवंत जगले.

रुपयाच्या प्रबंधाविषयी दोन शब्द सांगायला हवेत. रुपया तेव्हा पौंडाशी बांधलेला होता आणि सरकार विनिमयाचा दर सांभाळण्याच्या खटपटीत असे. केन्ससारख्या अर्थतज्ज्ञाने या पद्धतीची भलामण केली होती. बाबासाहेबांनी उलट बाजू मांडली. रुपयाची लंडनमधली किंमत सांभाळण्यापेक्षा इथल्या बाजारात त्याची खरेदीची ताकद टिकणे महत्त्वाचे. सरकारला हवे तेवढे चलन काढण्याची मोकळीक दिली की महागाई वाढते आणि मजुरी करणारा गरीब त्यात आधी भरडला जातो. तेव्हा चलन किती काढायचे यालाच पक्की मर्यादा घाला, असा त्यांचा आग्रह होता. परीक्षकांना ही भाषा झोंबली. मार्च १९२३ मध्ये प्रबंध फिरवून लिहायला सांगण्यात आले. पैसे संपलेले; एप्रिलमध्ये ते मुंबईला परतले आणि तिथूनच दुरुस्त प्रत धाडली. निष्कर्ष मात्र त्यांनी बदलले नाहीत. वर्षअखेर पदवी मिळाली आणि ग्रंथही प्रसिद्ध झाला. त्याला प्रस्तावना लिहिली प्राध्यापक कॅनन यांनी, शिष्याशी काही ठिकाणी मतभेद नोंदवून! असा गुरू मिळणे हेही परदेशी शिक्षणाचे एक देणे.

पुढे १९२५ मध्ये चलनविषयक हिल्टन यंग आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली. रिझर्व्ह बँक बाबासाहेबांनीच स्थापन केली असे अलीकडे भाषणांतून सर्रास ऐकू येते. त्यात भक्ती आहे, पण अतिशयोक्तीही आहे. आयोगापुढे अनेकांच्या साक्षी झाल्या होत्या आणि बँक प्रत्यक्षात १९३५ मध्ये आली. बाबासाहेबांचा ग्रंथ इतका भक्कम आहे की त्याला अशा टेकूची गरज नाही. त्याच काळात, १९२५ ते १९२८, मुंबईत बाटलीबॉय यांच्या लेखापाल प्रशिक्षण संस्थेत ते व्यापारी कायदा शिकवत होते. लंडनचा डी. एस्‌सी. आणि बॅरिस्टर होऊ घातलेल्या हिशेबनिसांना करार आणि हुंडीचे कायदे समजावून सांगतो आहे, हे चित्र मला फार आवडते.

इथून पुढचे आयुष्य सार्वजनिक झाले. पण एक गोष्ट पाहा. १९२४ मध्ये त्यांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली आणि तिने जी पहिली कामे हाती घेतली त्यात १९२५ मध्ये सोलापूरला काढलेले विद्यार्थी वसतिगृह होते. म्हणजे खोली! गावाहून आलेल्या मुलाला रात्री डोके टेकायला जागा. त्यानंतर दोन वर्षांनी, मार्च १९२७ मध्ये, महाडचे चवदार तळे. म्हणजे पाणी. बडोद्यात आणि सिडनहॅममध्ये जे नाकारले गेले, त्या दोन्ही गोष्टी या माणसाने सर्वांसाठी मागायला घेतल्या होत्या.

आणि आता आमच्या गावाकडे येतो. १९३४ मध्ये बाबासाहेब सहकाऱ्यांसह वेरूळची लेणी पाहायला आले होते. मुक्काम औरंगाबादेत होता. वाटेत दौलताबादचा किल्ला पाहायला सारे उतरले. रस्त्याच्या धुळीने अंगे माखली होती, म्हणून वेशीजवळच्या हौदावर काहींनी हातपाय धुतले. तेवढ्यावरून गलका झाला, शिवीगाळ झाली, अस्पृश्यांनी हौद बाटवला म्हणून माणसे धावून आली. अखेर कुठल्याच पाण्याला हात लावणार नाही या अटीवर, सोबत शिपाई देऊन, त्यांना किल्ला पाहू देण्यात आला. आज रविवारी आपण मुलांना घेऊन दौलताबादला जातो, भारतमाता मंदिर आणि चांदमिनार पाहतो. ही हकिकत तिथे कोणी सांगत नाही.

दुसरा कोणी असता तर या गावाकडे पाठ फिरवून गेला असता. बाबासाहेब सोळा वर्षांनी परत आले ते महाविद्यालय घेऊन. १९४५ मध्ये त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय निघाले. आणि १९५० च्या जूनमध्ये औरंगाबादेत संस्थेचे दुसरे महाविद्यालय उभे राहिले. मुंबई सोडून इथेच का? मराठवाडा तेव्हा नुकताच निजामी राजवटीतून सुटलेला. इथल्या मुलांना पदवीसाठी बहुधा हैदराबाद गाठावे लागे. दलित मुलांच्या वाट्याला तर शाळाही धड आली नव्हती. जिथे गरज सर्वांत मोठी तिथे आधी जायचे, हा त्यांचा हिशेब असावा. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली. आजूबाजूला माळ होता. वर्गांच्या बरोबरीने वसतिगृहे उभी राहिली. लातूर-नांदेड-बीडच्या वाड्यावस्त्यांवरून आलेली, पत्र्याची पेटी आणि भाकरीचे गाठोडे घेतलेली मुले तिथे राहू लागली. त्यांतूनच पुढे मराठवाड्यातले पहिल्या पिढीचे प्राध्यापक, वकील, अधिकारी आणि लेखक निघाले. दलित साहित्याच्या चळवळीचे एक मूळ याच परिसरात आहे.

महाविद्यालयाला नाव दिले मिलिंद, परिसराला नागसेनवन. मिलिंद म्हणजे ग्रीक राजा मिनँडर. हा परदेशी वंशाचा राजा भिक्षू नागसेनांकडे शंका घेऊन गेला, त्यांना एकामागून एक अडचणीचे प्रश्न विचारले आणि नागसेनांनी उत्तरे दिली, अशी पाली ग्रंथातली कथा. विद्यार्थ्याने विचारायचे, गुरूने न चिडता सांगायचे. सेलिग्मन आणि कॅनन यांच्या वर्गात बसलेल्या माणसाला हे नाव का सुचले असेल ते सांगायला नको. शिवाय त्यात पाहुणा प्रश्न विचारतो आहे, हे मला विशेष वाटते.

१९५२ च्या जूनमध्ये कोलंबिया विद्यापीठाने आपल्या या जुन्या विद्यार्थ्याला बोलावून सन्माननीय डॉक्टरेट दिली. एकोणचाळीस वर्षांपूर्वी तिथे उतरलेला तरुण आता एकसष्ट वर्षांचा, मधुमेहाने थकलेला होता. पुढच्या जानेवारीत हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठानेही डी. लिट. दिली. १९५३ मध्येच मुंबईत सिद्धार्थ वाणिज्य आणि अर्थशास्त्र महाविद्यालय सुरू झाले. त्याआधी, व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना, त्यांनी अनुसूचित जातींच्या मुलांना परदेशात शिकायला सरकारी शिष्यवृत्त्या मिळवून दिल्या होत्या. आपल्याला एका महाराजांच्या मर्जीवर जे मिळाले ते पुढच्यांना हक्काने मिळावे, ही त्यामागची खटपट. ६ डिसेंबर १९५६ ला दिल्लीत ते गेले.

त्यानंतर दोन वर्षांनी, २३ ऑगस्ट १९५८ रोजी, मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. त्याला बाबासाहेबांचे नाव द्यावे हा ठराव विधिमंडळाने १९७८ मध्ये केला आणि मराठवाडा पेटला. घरे जळाली, माणसे मेली. आमच्या पिढीने ते सारे पाहिले आहे. त्यावर वेगळे लिहावे लागेल. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला.

त्या विद्यापीठात आज परदेशी मुले व्यवस्थापनाचे कोणते विषय घेतात? वित्त, विपणन, मनुष्यबळ. नुसते एखादे सत्र शिकून श्रेयांक आपल्या मूळ विद्यापीठात नेणारे पाहुणे विद्यार्थी जगभर असतात. आमच्याकडे येतात ती बहुतेक पूर्ण पदवीसाठी, काही पीएच.डी.साठी. वर्गाबाहेरही त्यांना शिकण्यासारखे पुष्कळ आहे. वाळूजला बजाजचा दुचाकींचा कारखाना आणि त्याच्या भोवती वाढलेले सुटे भाग करणारे लहान-मोठे उद्योग आहेत, जुन्या गावात हिमरूचे माग आहेत, पैठणला पैठणी आहे. एका कारागिराचा वर्षभराचा धंदा कर्ज, कच्चा माल आणि दलाली यांत कसा अडकतो, हे माग पाहिल्याशिवाय पुस्तकातून कळत नाही. माझ्या वर्गातल्या एका येमेनी विद्यार्थ्याने मला विचारले होते की, या विद्यापीठाच्या नावातले डॉक्टर हे वैद्य होते काय. मी त्याला ग्रंथालयात नेऊन रुपयावरचे पुस्तक हातात दिले. आठवड्याने तो परत आला तो शंकांची यादी घेऊन.

या मुलांची पहिली अडचण अभ्यासाची नसते, खोलीची असते. वसतिगृहात सर्वांना जागा मिळत नाही. मग बेगमपुरा, पहाडसिंगपुरा, विद्यापीठाच्या आसपासच्या गल्ल्या पालथ्या घालायच्या. परदेशी माणूस घरात ठेवला की घरमालकाला फॉर्म भरून चोवीस तासांत सरकारला कळवावे लागते. ही काही मोठी कटकट नाही, आता ते संगणकावर होते. पण फॉर्मचे नाव पुढे करून दार लावून घेणारे असतात. खरे कारण रंग असतो, धर्म असतो, जेवणातले मांस असते. फॉर्म हा बहाणा. पाहुणा विद्यार्थी काही बोलत नाही, पुढचे दार ठोठावतो.

तशी दारे उघडणारेही आहेत. पहाडसिंगपुऱ्यातले माझ्या ओळखीचे एक निवृत्त पोस्टमन, मिलिंदच्या वसतिगृहात राहून शिकलेले, दर वर्षी वरच्या दोन खोल्या परदेशी मुलांनाच देतात. फॉर्म ते नातवाकडून भरून घेतात. सध्या तिथे दोन सुदानी मुले आहेत, दोघेही एम. बी. ए.च्या पहिल्या वर्षाला. जिन्याच्या कोपऱ्यात माठ आहे, तो घरच्यांचा आणि भाडेकरूंचा एकच.